दोन रकान्यांची यादी: एका तालमीच्या ११,४६८ फाइलींची नावं कमांडनं बदलताना

कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. पेठेतला गणपती, शाहू स्टेडियमवर उतरणारा फुटबॉल संघ, पंचगंगेला पूर आला की बोटी आणि जेवणाची पाकिटं, हे सगळं तालमीतूनच उभं राहतं. त्यामुळं एखाद्या जुन्या तालमीनं स्मरणिकेसाठी फोटो गोळा करायला घेतले की घरोघरच्या ट्रंका, दोन-तीन कॅमेरेवाले आणि पन्नास मोबाइल एकाच डिस्कवर येऊन पडतात. इथलं प्रकरण अशाच एका संग्रहाचं आहे. २१२ फोल्डर, ११,४६८ फाइली. त्यात ३,२१२ स्कॅन, दोन डिजिटल कॅमेऱ्यांचे ६,८४० फोटो आणि व्हॉट्सॲपवरून आलेले १,४१६.

मागणी साधी होती. नाव वाचून फोटो कुठला आणि कधीचा ते कळावं, आणि नावानं क्रम लावला की तारखेप्रमाणे रांग लागावी. हाती असलेली नावं ‘स्कॅन १०’, ‘फुटबॉल फायनल नवीन (३)’, ‘महापुर २०१९’, ‘महापूर 2019’, ‘डीएससी_0652’ अशी होती.

यंत्र उबुंटू लिनक्सचं, डिस्क ईएक्सटी४ (लिनक्सची फाइली साठवण्याची रीत) पद्धतीची. पुढं दिलेल्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या. «एक्झिफटूल» आणि «एलएन»मधला टी, «सीएचमॉड»मधला आर, तसंच «एलसी_ऑल=सी» आणि «आयएफएस» ही कॅपिटल अक्षरांत.

६४० चे ५७१

सुरुवात खासबाग मैदानाच्या एका फोल्डरनं झाली. एका दिवसाच्या कुस्त्या, दोन कॅमेरे, ‘कॅमेरा १’ आणि ‘कॅमेरा २’ असे दोन उपफोल्डर. ठरलं असं की ‘तारीख_क्रमांक’ एवढंच नाव द्यायचं आणि सगळे फोटो एका फोल्डरात आणायचे. त्यासाठी प्रत्येक फाइलीवर तेच काम करणारा «फॉर» लूप लिहून आत «एमव्ही» ही फाइल हलवणारी, नाव बदलणारी कमांड घातली.

पहिल्यांदा लूप चाललाच नाही. फाइलीच्या नावाभोवती दुहेरी अवतरण नव्हतं. ‘कॅमेरा १/डीएससी_0652’ या नावात मधे जागा आहे, त्यामुळं शेलनं (कमांडची ओळ वाचणाऱ्या प्रोग्रॅमनं) त्याचे दोन तुकडे केले आणि «एमव्ही»ला दोनाऐवजी तीन गोष्टी मिळाल्या. तीन गोष्टी दिल्या की शेवटची फोल्डर असली पाहिजे, ती नव्हती, म्हणून «टार्गेट इज नॉट अ डिरेक्टरी» अशी ओळ ६४० वेळा आली. नुकसान काही झालं नाही. आरडाओरडा करणारी चूक परवडते.

अवतरण घातल्यावर लूप एक ओळही न छापता संपला. फोल्डरात फाइली उरल्या ५७१. ६९ फोटो गेले, आणि का गेले ते आकड्यांत स्पष्ट दिसतं. पहिल्या कॅमेऱ्याचे क्रमांक 0380 ते 0720, म्हणजे ३४१ फोटो. दुसऱ्याचे 0652 ते 0950, म्हणजे २९९. दोन्हींत सामाईक 0652 ते 0720, म्हणजे बरोबर ६९. कॅमेऱ्यांच्या फाइलनावाचा नियमच चार अक्षरं आणि चार अंक असा आहे. 9999 नंतर पुन्हा 0001 येतो, आणि एकाच मैदानात दोन फोटोग्राफर असले की क्रमांक एकमेकांवर चढणं ही रोजची गोष्ट. तारीख एक, क्रमांक एक, म्हणून नाव एक. त्या नावाची फाइल आधीच असली तर «एमव्ही» विचारत नाही, जुनीवर नवी ठेवते.

फोटोग्राफरची मूळ डिस्क अजून परत गेलेली नव्हती, म्हणून ६९ फोटो पुन्हा मिळाले. «एमव्ही -एन» वापरलं असतं तर चढाचढी थांबली असती, पण मग ६९ फाइली जुन्या नावानं तशाच मागं राहिल्या असत्या. खरी अडचण «एमव्ही»ची नव्हती. कोणती फाइल कुठल्या नावानं जाणार हे कमांड चालवण्यापूर्वी कुणी डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं.

इथून पुढं कामाची रीत बदलली. आधी दोन रकान्यांची यादी करायची, डावीकडं आत्ताचं नाव आणि उजवीकडं होणारं. ती तपासायची, दुरुस्त करायची, आणि मगच डिस्कला हात लावायचा. प्रत्यक्ष नावं बदलायला पुढं दोन मिनिटंही लागली नाहीत. दिवस गेले ते यादीत, आणि ते तिथंच जायला हवेत.

एक रास्त शंका इथं येते, की «रीनेम» ही कमांड असताना यादीचा खटाटोप कशाला? पर्ल या भाषेत लिहिलेली «रीनेम» उत्तम आहे. «रीनेम -एन 'एस/ /_/जी' *» म्हटलं की प्रत्येक जागेच्या ठिकाणी अधोरेषा येऊन नाव कसं दिसेल ते ती फक्त छापून दाखवते, «-एन» काढलं की खरंच बदलते, आणि नाव आधीच असेल तर नकार देते. मात्र डेबियन-उबुंटूवरची «रीनेम» आणि फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवरची «रीनेम» या दोन वेगळ्या कमांड आहेत. दुसरीला पॅटर्न समजत नाही, ‘हे काढ, ते घाल’ असे दोन साधे शब्दच द्यावे लागतात. एका यंत्रावरची ओळ दुसऱ्यावर चिकटवण्यापूर्वी «मॅन रीनेम» वाचून घ्यावं. तरीही मुख्य कारण वेगळं आहे. पॅटर्न चालतो तो नवं नाव जुन्या नावात दडलेलं असेल तेव्हा. ‘स्कॅन १०’ या नावात १९७४ सालचा फुटबॉल संघ कुठंच नाही. ते साल फोटोच्या पाठीवर शाईनं लिहिलेलं आहे.

प्रत घेतानाच ११ कमी

मूळ डिस्क विंडोजची, एनटीएफएस पद्धतीची. ती लिनक्सच्या डिस्कवर उतरवून घेतली आणि दोन्हीकडं «फाइंड . -टाइप एफ | डब्ल्यूसी -एल» चालवून फाइली मोजल्या. तिकडं ११,४६८, इकडं ११,४५७.

प्रत घेताना स्क्रीनवरून हजारो ओळी वाहून गेल्या होत्या आणि त्यांत «फाइल नेम टू लाँग» ही ओळ अकरा वेळा होती. एनटीएफएसवर नाव २५५ चिन्हांपर्यंत चालतं. ईएक्सटी४ वर मर्यादा २५५ बाइटची आहे. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे ८५ चिन्हांत मर्यादा संपली. इथं चिन्ह म्हणजे डोळ्यांना दिसणारं अक्षर नव्हे. ‘क्षेत्र’ हा दोन अक्षरी शब्द आत क, हलंत, ष, मात्रा, त, हलंत, र असा सात चिन्हांचा, म्हणजे २१ बाइटचा आहे. कुणीतरी हौसेनं फोटोतल्या सगळ्या पैलवानांची नावं फाइलीच्या नावातच लिहिली होती. विंडोजवर ती राहिली, लिनक्सवर मावली नाहीत.

अकरा नावं विंडोजवरच हातानं आखूड केली, आणि मूळ लांब नाव यादीच्या तिसऱ्या रकान्यात जसंच्या तसं ठेवलं. पैलवानांची नावं दुसरीकडं कुठं लिहिलेली असतीलच याची खात्री नसते. फोटोतल्या माणसांची ओळख पटवणारी ती एकमेव नोंद असू शकते. फाइलनावातला मजकूर टाकून देण्यापूर्वी तो कुठंतरी उतरवून घेणं हे अशा संग्रहात फार गरजेचं आहे.

मग दोन्ही डिस्कवर «शा२५६सम» चालवली, ती प्रत्येक फाइलीच्या आतल्या मजकुरावरून एक लांब आकडा, म्हणजे बेरीज, काढते; फक्त बेरजांचा रकाना काढून क्रमानं लावला आणि «डिफ»नं ताडून पाहिला. नावं काहीही असोत, आतला मजकूर तोच असेल तर बेरीज तीच येते. फरक निघाला नाही. मूळ डिस्क त्याच दिवशी कपाटात गेली ती काम संपेपर्यंत बाहेर आली नाही.

एकाच नावाचे तीन फोल्डर

पंचगंगा घाटाच्या फोल्डरात ‘पायऱ्या’ नावाचे तीन फोल्डर शेजारी शेजारी होते. अक्षरन् अक्षर सारखं. एकाच ठिकाणी एका नावाचे दोन फोल्डर असूच शकत नाहीत, म्हणजे ती नावं यंत्राच्या लेखी वेगळी होती.

मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा खड्डा कधी ना कधी लागतो. कारण आहे आपला ‘ऱ्या’. प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला स्वतःचा क्रमांक आहे, 0931. पहिल्या फोल्डरात तोच होता: प, काना, य, ऱ, हलंत, य, काना. सात चिन्हं, २१ बाइट. दुसरा फोल्डर जुन्या मॅकच्या डिस्कवरून आलेला. तिथली एचएफएस प्लस पद्धत जोडचिन्हं फोडून साठवते, म्हणून ऱ च्या जागी साधा र आणि वेगळा नुक्ता होता. आठ चिन्हं, २४ बाइट. तिसऱ्यात साधा र, हलंत आणि मग झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं जोडचिन्ह होतं. काही मराठी कीबोर्ड ‘ऱ्या’ असाच तयार करतात. तोही आठ चिन्हांचा, २४ बाइटचा. म्हणजे लांबी मोजूनही दुसरा आणि तिसरा वेगळे करता येत नाहीत. «एलएस | ओडी -सी» करून बाइट समोर मांडल्यावरच फरक दिसतो.

दुसऱ्याचा उपाय ठरलेला आहे. फोडलेली चिन्हं पुन्हा जोडणं याला एनएफसी म्हणतात. «कॉन्व्हएमव्ही -आर -एफ यूटीएफ८ -टी यूटीएफ८ --एनएफसी .» ही ओळ अशी नावं शोधून दाखवते. ती स्वभावानंच फक्त दाखवते, बदल करायला «--नोटेस्ट» मुद्दाम लिहावं लागतं. पण तिसऱ्यावर एनएफसीचा काही परिणाम होत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ‘र, हलंत, झेडडब्ल्यूजे’ आणि ‘ऱ, हलंत’ ही समान रूपं नाहीतच. ती फक्त आपल्या डोळ्यांना समान आहेत. तिथं मजकुरात शोधून बदल करणाऱ्या «सेड»नं थेट बदल करावा लागतो, तोसुद्धा र आणि हलंत यांच्या मागून येणाऱ्या झेडडब्ल्यूजेपुरताच. सरसकट सगळे झेडडब्ल्यूजे काढले तर जिथं कुणी अर्धं अक्षर मुद्दाम उघडं ठेवलं आहे तिथलं रूपही बदलतं.

हे दोन्ही बदल यादीच्या उजव्या रकान्यावरच करायचे. पहिल्या फेरीत मजकुराचं एनएफसी करणारी «यूकॉन्व्ह -एक्स एनी-एनएफसी» सगळ्या यादीवर फिरवली गेली. त्यामुळं डावीकडची जुनी नावंही जोडून निघाली, आणि डिस्कवर मात्र ती फोडलेलीच होती. मग यादीतलं नाव डिस्कवर सापडेना: «नो सच फाइल ऑर डिरेक्टरी», आणि डोळ्यांना नाव बरोबर दिसतंय. जुनं नाव कितीही वेडंवाकडं असलं तरी त्याला हात लावायचा नाही. ते डिस्कवर आहे तसंच यादीत हवं.

अंकांचंही असंच. काही नावांत २०१९, काहींत 2019. क्रम लावणाऱ्या आणि मोजणाऱ्या बहुतेक कमांडना 0 ते 9 हेच अंक म्हणून कळतात, म्हणून नव्या नावांत अंक त्या रूपात आणि शब्द मराठीत असं ठरलं. बदलायला «टीआर '०-९' '0-9'» लिहिण्याचा मोह होतो. लिनक्सवरची «टीआर» बाइट पाहते, अक्षर पाहत नाही. तीन बाइटच्या अंकाचे ती तुकडे करते आणि नाव प्रश्नचिन्हांनी भरून जातं. «सेड» किंवा पर्लमध्ये ‘एस/०/0/जी’ पासून ‘एस/९/9/जी’ पर्यंत दहा सरळ ओळी लिहिल्या की काम चोख होतं, कारण तिथं अख्खा तीन बाइटचा गट जुळतो. दहा ओळी लांबलचक दिसतात, पण पुढच्या माणसाला वाचताक्षणी समजतात.

तारीख कुठून आणायची

कॅमेऱ्याच्या फोटोत घेतल्याची वेळ आतच नोंदलेली असते. «एक्झिफटूल -टी -आर -डिरेक्टरी -फाइलनेम -डेटटाइमओरिजिनल .» या एका ओळीनं फोल्डर, नाव आणि वेळ असे तीन रकाने मधे टॅब घालून मिळाले. वेळ नसेल तिथं आडवी रेघ येते. यादीचा पाया हाच.

खासबागच्या दोन कॅमेऱ्यांची घड्याळं जुळत नव्हती. एका कुस्तीच्या सलामीचा क्षण दोघांनीही टिपला होता. पहिल्याच्या नोंदीत 16:42:10, दुसऱ्याच्या 16:49:35. म्हणजे दुसरा सात मिनिटं पंचवीस सेकंद पुढं. हे न पाहता वेळेनं नावं दिली असती तर पैलवान आधी चितपट झाला असता आणि नंतर सलामीला आला असता. «एक्झिफटूल»नं फोटोतली वेळच दुरुस्त करता येते, पण तसं केलं की फाइल आतून बदलते आणि मूळ डिस्कशी जुळवलेल्या बेरजा निरुपयोगी होतात. त्याऐवजी दुसऱ्या कॅमेऱ्याच्या फोल्डरची माहिती वाचताना «-ग्लोबलटाइमशिफ्ट -0:7:25» लावलं. यादीत दुरुस्त वेळ आली, फोटो जसाच्या तसा राहिला.

नावाचा साचा असा ठरला: ‘2017-02-12_164210_कुस्ती_खासबाग_अ_0380.जेपीजी’. वेळेत विसर्गासारखी टिंबं नाहीत, कारण विंडोज आणि पेनड्राइव्हची एक्सफॅट पद्धत ती नावात घेत नाही. ‘अ’ आणि ‘ब’ हे कॅमेरे. शेवटचे चार अंक कॅमेऱ्याचे मूळ, ते मुद्दाम राखले. एका सेकंदात पाच फोटो निघाले तरी नाव वेगळं राहतं, आणि एकाच क्षणाची कच्ची (कॅमेऱ्याची रॉ) फाइल आणि जेपीजी यांची जोडी तुटत नाही. नाव आधीच असेल तर मागं आपोआप -1, -2 लावायची सोयही «एक्झिफटूल»मध्ये आहे, पण ती कच्च्या फाइलींना आणि जेपीजींना वेगवेगळं मोजते. एखाद्या क्षणाची जेपीजी आधीच काढून टाकलेली असेल तर तिथून पुढची जोडी चुकते.

स्कॅनच्या बाबतीत आतल्या तारखेवर विश्वास ठेवायचा नाही. १९७४ चा फोटो २०२३ मध्ये स्कॅन केला तर नोंद २०२३ ची असते, यंत्राला त्यातलं काही गैर वाटत नाही. ३,२१२ स्कॅनच्या तारखा पाठीवरची अक्षरं पाहून हातानं भरल्या. दिवस-महिना माहीत नाही तिथं ‘1974-00-00’, सालही अंदाजाचं असेल तिथं पुढं ‘अंदाजे’ हा शब्द. शून्यं असली की ते फोटो त्या सालाच्या सुरुवातीला येऊन बसतात आणि रांग मोडत नाही.

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवला की आतली नोंद निघून जाते. ‘आयएमजी-20190808-डब्ल्यूए0012’ या नावातली तारीख त्या मोबाइलवर फोटो आला त्या दिवसाची, काढला त्या दिवसाची नव्हे. ऑगस्ट २०१९ च्या महापुराचे फोटो पुढं कित्येक महिने फिरत होते. शिवाय 0012 हा क्रमांक प्रत्येक मोबाइल स्वतःपुरता मोजतो, म्हणून दोन मोबाइलांतली दोन वेगळी चित्रं एकाच नावानं येतात. १,४१६ फाइलींना ‘प्राप्त’ हा शब्द आणि मोबाइलचा क्रमांक लावला, घटनेची तारीख कुणी खात्रीनं सांगेल तिथंच घातली. सारखे फोटो काढून टाकण्याचं काम याच वेळी करावं असं तालमीतल्या पोरांचं म्हणणं होतं. ते टाळलं हे योग्यच झालं. नाव बदलणं आणि फाइल काढणं एकत्र केलं की मोजणी जुळत नाही, आणि मोजणी हाच या कामाचा आधार आहे.

विषयाच्या शब्दांची वेगळी चौदा शब्दांची यादी केली. महापूर दीर्घ ‘पू’नंच. ‘गणेशोत्सव’ लिहायचं, ‘गणपती’ नाही. यादीबाहेरचा शब्द आला तर ओळ परत पाठवायची.

यादीचे स्वतःचे आजार

यादी चारजणांनी भरली, काहींनी लिबरऑफिसमध्ये, काहींनी एक्सेलमध्ये. तिथं तीन गोष्टी बिघडल्या. रकाना ‘टेक्स्ट’ म्हणून न उघडल्यानं 0037 चं 37 झालं आणि 2017-02-12 चं त्या यंत्राच्या सवयीप्रमाणे 12/02/17. नावात तिरकी रेघ आली की लिनक्स तिला फोल्डर समजतो. एका यंत्रावर साध्या सीएसव्हीत जतन केल्यामुळं सगळी मराठी प्रश्नचिन्हांत गेली. तिथं ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडावा लागतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत लबाड. विंडोजवर जतन केलेल्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा, न दिसणारं चिन्ह असतं, कॅरेज रिटर्न. तिसरा रकाना रिकामा असलेल्या ओळींत नवं नाव शेवटी असल्यानं ते चिन्ह थेट नावाला चिकटतं. फाइल तयार होते, यादीत नीट दिसते, पण दुहेरी क्लिक केल्यावर उघडत नाही, कारण तिचा विस्तार आता ‘जेपीजी’ नसून ‘जेपीजी आणि आणखी काहीतरी’ असतो. चाचणीच्या वीस फाइलींतच हे सापडलं. ती चिन्हं काढणारी «डॉस२युनिक्स» फिरवली, प्रश्न मिटला.

नंतर दुबार नावांची तपासणी: «कट -एफ२ यादी | एलसी_ऑल=सी सॉर्ट | युनिक -डी». काहीही छापलं नाही तर सगळी नावं वेगळी. «एलसी_ऑल=सी» दोन्ही कमांडना लागू हवं, म्हणून ते आधी «एक्सपोर्ट» करून ठेवलं. त्याशिवाय तुलना भाषेच्या नियमांनी होते, आणि जुन्या यंत्रांवर त्या नियमांत काही देवनागरी चिन्हं सारखी धरली जात. हीच तपासणी इंग्रजी अक्षरं लहान करून पुन्हा केली. लिनक्सला कॅपिटल आणि स्मॉल वेगळं कळतं, पेनड्राइव्हला नाही. पहिल्या फेरीत ३८ दुबार नावं निघाली, जवळजवळ सगळी स्कॅनमधली, एकाच फोटोच्या पुढच्या आणि मागच्या बाजूची. त्यांना ‘पुढे’ आणि ‘मागे’ जोडलं.

मूळ झाडाला हात न लावता

स्मरणिकेची मांडणी एव्हाना सुरू झाली होती. मांडणी करणाऱ्याकडं १४० फोटो जुन्या नावांनी पानांत जोडलेले. नावं बदलली असती तर सगळ्या जोडण्या एका रात्रीत तुटल्या असत्या.

म्हणून «एमव्ही»ऐवजी «एलएन» वापरली. ईएक्सटी४ वर एकाच फाइलीला दोन नावं देता येतात, त्याला हार्ड लिंक म्हणतात. जुनं फोल्डरांचं झाड जसंच्या तसं, शेजारी ‘संग्रह’ नावाचं नवं झाड, आणि जागा जवळपास तेवढीच. «व्हाइल आयएफएस=टॅब रीड -आर जुनं नवं बाकी; डू एलएन -टी -- "$जुनं" "$नवं"; डन» एवढाच गाभा. टॅबच्या जागी खरं टॅब चिन्ह लागतं. «-आर» नसेल तर नावातली उलटी तिरकी रेघ गळते. दोन आडव्या रेघा नसतील तर ‘-’नं सुरू होणारं नाव पर्याय समजलं जातं. नाव आधीच असलं तर «एलएन» ठणकावून नकार देते. चूक झाली तर नवं झाड पुसायचं आणि पुन्हा चालवायचं, आणि फोल्डरांची नावं बदलताना आतलं आधी की बाहेरचं आधी हा प्रश्नही उरत नाही. फक्त लागणारे फोल्डर «एमकेडीआयआर -पी»नं आधी उभे करून ठेवावे लागतात.

धोका एकच. दोन नावं असली तरी फाइल एकच आहे, जुन्या झाडात कुणी फोटो कातरून जतन केला तर नव्यातलाही कातरला जाऊ शकतो. «सीएचमॉड -आर ए-डब्ल्यू» करून जुनं झाड फक्त वाचण्यापुरतं ठेवलं. परवानगी फाइलीची असते, नावाची नाही, त्यामुळं नव्या झाडातल्या फाइलीही वाचण्यापुरत्याच झाल्या. संग्रहासाठी ते चांगलंच.

मधेच मांडणी करणाऱ्याचा निरोप आला: “दादा, पान ३४ वरचा पायऱ्यांचा फोटो मोठा पाठवा, मला सापडंना.” त्यानं टाइप केलेला ‘ऱ्या’ झेडडब्ल्यूजेवाला होता, म्हणून नावानं शोधून त्यालाही मिळाला नव्हता. यादीच्या डाव्या रकान्यात त्या फोटोचा 0412 हा मूळ क्रमांक शोधला, उजवीकडं नवं नाव मिळालं, पाच मिनिटांत मोठा फोटो गेला.

शेवटची मोजणी: ‘संग्रह’मध्ये ११,४६७. एक कमी, आणि चुकीची एकही ओळ छापलेली नाही. हार्ड लिंकचा इथं मोठा उपयोग होतो. «फाइंड जुनं -टाइप एफ -लिंक्स 1» म्हटलं की ज्या फाइलींना अजून एकच नाव आहे तेवढ्याच छापल्या जातात. एकच ओळ आली, शाहू स्टेडियमवरच्या संघाचा फोटो. यादीतली ती शेवटची ओळ होती. दुरुस्तीनंतर यादी तक्त्यातून उचलून साध्या मजकुराच्या फाइलीत चिकटवली होती आणि शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबलेलं नव्हतं. ओळ संपल्याची खूण नसली की «रीड» मजकूर वाचते पण ‘संपलं’ असं कळवते, आणि लूप त्या ओळीचं काम न करता थांबतो.

यादीच्या शेवटी एक एंटर घातला, तेवढीच ओळ पुन्हा चालवली, ११,४६८ झाले. स्मरणिका छापून आल्यावर जुनं झाड काढून टाकलं. तिसऱ्या रकान्यासह यादी ‘संग्रह’च्या मुळाशी ठेवलेली आहे, आणि तालमीनं ज्यांना ज्यांना डिस्क दिली त्या प्रत्येक डिस्कवर ती फोटोंबरोबर गेली आहे.